गुठळी हृदयात, मूळ अन्यत्र

दर वर्षी २९ सप्टेंबर हा दिवस जागतिक हृदयदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने व्याख्याने होतात, तपासणीची शिबिरे भरतात आणि तेल, मीठ, तंबाखू व बैठे जीवन यांविषयीचा उपदेश लोकांच्या कानी पडतो. तो उपदेश योग्यच आहे. तो दर वर्षी नव्याने करावा लागतो, यावरून त्याची गरजही सिद्ध होते. परंतु त्याच्या पुनरुक्तीतून एक गैरसमजही दृढ होत चालला आहे. हृदयविकार म्हटला की तो हृदयातच उपजलेला असणार आणि रोग्याने तो जिभेच्या लाडापायी किंवा आळसापायी ओढवून घेतलेला असणार, असे आपण गृहीत धरू लागलो आहोत. आज आम्ही ज्या विकाराकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, त्याच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते खोटी ठरतात.

समजा, तिशीतली एक स्त्री आहे. सकाळी उठते तो उजवा हात उचलत नाही आणि तोंडून शब्द फुटत नाही. तिला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तंबाखूचे व्यसन नाही. घरातील मंडळी तिला रुग्णालयात नेतात. मेंदूचे चित्र काढले असता रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा एका जागी नव्हे, तर चार निरनिराळ्या जागी आढळतात. डॉक्टर साहजिकच हृदयाकडे वळतात. इको तपासणीत हृदयाच्या एका झडपेच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढी वाढ हेलकावे खाताना दिसते. ही वाढ कशाची? जंतूंची की नुसत्या गोठलेल्या रक्ताची? प्रश्न चार शब्दांचा आहे, परंतु त्या स्त्रीचे पुढील आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. उत्तर चुकले तर उपचार निरुपयोगी ठरतो. कधी कधी तो घातकही ठरतो.

वैद्यकशास्त्रात या दुसऱ्या प्रकारच्या वाढीला 'नॉन-बॅक्टेरियल थ्रॉम्बॉटिक एंडोकार्डायटिस' असे लांबलचक नाव आहे. सामान्य वाचकाच्या सोयीसाठी आम्ही तिला 'निर्जंतुक गुठळी' असे म्हणू. हा विकार विरळा आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. शवविच्छेदनांच्या निरनिराळ्या पाहण्यांत शंभर मृतदेहांमागे साधारणतः एक ते दीड एवढ्यांतच तो आढळला आहे. तेव्हा हे वाचून कोणी आपल्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसण्याचे कारण नाही. मग अशा विरळ्या विकारासाठी वृत्तपत्राने आपले रकाने का खर्चावेत? कारण तो ज्यांना होतो त्यांत तरुण स्त्रिया असतात, आपल्याला कर्करोग झाला आहे याची गंधवार्ताही नसलेली माणसे असतात. आणि तो ओळखण्यासाठी ज्या सवयी डॉक्टरांनी, रुग्णालयांनी व आपण नागरिकांनी अंगी बाणवायला हव्यात, त्या केवळ या एका विकारापुरत्या उपयोगाच्या नाहीत.

झडप आणि तिच्यावरची वाढ

हृदयाला चार झडपा असतात. रक्त पुढे जावे व मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. परंतु ते काम त्या दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा, जन्मभर विनातक्रार करीत असतात. त्यांपैकी डाव्या बाजूच्या दोन, म्हणजे द्विदल झडप आणि महारोहिणीच्या मुखाशी असलेली झडप, यांना सर्वांत अधिक दाब सोसावा लागतो. झडपेची दले जेथे एकमेकांना टेकतात त्या कडेवर हा ताण सर्वाधिक असतो. निर्जंतुक गुठळी नेमकी तेथेच धरते. झडपेचे नाजूक अस्तर कोठेतरी दुखावते. त्या दुखावलेल्या जागी रक्तातील बिंबिका येऊन चिकटतात. त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे तंतू जाळे विणतात आणि मोहरीपासून मुगाएवढी, क्वचित त्याहून मोठी अशी वाढ तयार होते. तिच्यात जंतू नसतात. दाहाच्या पेशीही अगदी थोड्या असतात.

दुखापत झाली असता रक्त गोठावे ही निसर्गाची आपल्यावरील मोठीच कृपा आहे. बोट कापले आणि रक्त थांबले नाही तर माणूस जगायचा कसा? परंतु हीच शक्ती अस्थानी जागी झाली म्हणजे ती मारक ठरते. रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, रक्ताच्या प्रवाहात बिघाड आणि खुद्द रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती, या तीन कारणांनी वाहिनीच्या आत गुठळी होते, अशी मांडणी आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. ती जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखली जाते. गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर दूर वाहत जातो व तेथे मार्ग अडवतो, ही गोष्टही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनीच प्रयोगांनी सिद्ध केली.

निर्जंतुक गुठळीचा सारा धोका या सुटून जाण्यात आहे. जंतूंमुळे होणारी वाढ झडपेला कुरतडते, तिला भोके पाडते. त्यामुळे ताप येतो, हृदयाच्या आवाजात फरक पडतो आणि डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला काही तरी ऐकू येते. निर्जंतुक गुठळी झडपेची फारशी नासाडी करीत नाही. ती मुकाट्याने बसून असते. परंतु तिची पकड सैल असते. झाडावरून पिकले पान गळावे तसा तिचा कण सुटतो आणि डाव्या हृदयातून निघालेले रक्त जेथे जेथे जाते तेथे तो जाऊ शकतो. मेंदूत गेला तर अर्धांगवायू, मूत्रपिंडात वा प्लीहेत गेला तर पोटाच्या कुशीत कळ, हातापायाच्या वाहिनीत अडकला तर तो अवयव थंड पडणे, हृदयाच्याच वाहिनीत शिरला तर हृदयविकाराचा झटका. हा विकार असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत असे कण सुटल्याचे आढळते. पुष्कळदा हा आघात हीच रोगाची पहिली खूण असते. त्याआधी काहीच जाणवलेले नसते.

जंतूंच्या युगातील एक अपवाद

या विकाराचा इतिहास उद्‌बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत जंतुशास्त्राने वैद्यकाचे रूपच पालटून टाकले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधून काढला. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत झडपांच्या घातक दाहाचे जे विवेचन केले, ते पुढे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. प्रत्येक रोगामागे एक जंतू आहे आणि तो आज ना उद्या सापडणारच, असा आत्मविश्वास त्या काळी सर्वत्र होता. अशा वेळी, ऑस्लर यांच्या व्याख्यानांनंतर अवघ्या तीन वर्षांनी, म्हणजे १८८८ साली, अर्न्स्ट त्सीग्लर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने जंतूंचा मागमूस नसलेल्या अशा झडपांवरील गुठळ्यांचे वर्णन केले. ज्यांचे शरीर दीर्घ आजाराने झिजून गेले आहे अशांच्या मृतदेहांत त्या आढळत. म्हणून झिजणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना 'मॅरँटिक' असे विशेषण मिळाले. आपल्याकडील 'क्षय' या शब्दाचा मूळ अर्थही तोच. पुढे धडधाकट दिसणाऱ्या तरुण माणसांतही त्या आढळू लागल्या, तेव्हा हे विशेषण अपुरे ठरले. आणि १९३६ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील ग्रॉस व फ्रीडबर्ग यांनी आज रूढ असलेले नाव दिले.

याच रुग्णालयातील आणखी एका डॉक्टरचा उल्लेख येथे केला पाहिजे. इमॅन्युएल लिबमन हे झडपांच्या जंतुजन्य दाहाचे नाणावलेले अभ्यासक होते. रुग्णाच्या शिरेतून रक्त काढून, ते पोषक द्रवात ठेवून त्यात जंतू वाढतात की काय हे पाहण्याची पद्धत, म्हणजे आजचे 'ब्लड कल्चर', नित्याच्या रुग्णसेवेत रुळविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. ज्याने आयुष्यभर जंतूच शोधले, त्याला सगळीकडे जंतूच दिसावेत हे स्वाभाविक मानले गेले असते. परंतु १९२४ साली लिबमन यांनी बेंजामिन सॅक्स यांच्यासमवेत अशा चार रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली, की ज्यांच्या झडपांवर वाढ होती, पण ती नेहमीच्या जंतुजन्य वाढीहून वेगळी होती. ल्यूपस या व्याधीशी या वाढीचा संबंध आहे, हे नंतर स्पष्ट झाले आणि या प्रकाराला त्या दोघांचेच नाव पडले. आपल्या तपासणीने 'नाही' असे उत्तर दिले असता ते 'नाही' प्रामाणिकपणे मान्य करणे, ही शास्त्रज्ञाची खरी कसोटी असते. लिबमन त्या कसोटीस उतरले.

मूळ कोठे आहे?

'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' ही म्हण आपण दुसऱ्याच्या मूर्खपणाला हसण्यासाठी वापरतो. या विकारात मात्र ती शब्दशः खरी होण्याचे भय असते. धूर दिसतो हृदयात, आग लागलेली असते दुसरीकडे. ती प्रामुख्याने दोन ठिकाणी शोधावी लागते.

पहिले ठिकाण कर्करोगाचे. फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, आतडे व बीजांडकोश यांच्या ग्रंथींतून उद्भवणारे कर्करोग या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहेत. या कर्कपेशी रक्त गोठण्याची साखळी सुरू करून देणारी द्रव्ये रक्तात सोडतात. शरीराच्या प्रतिकारातून निर्माण होणारी रसायने अस्तराला इजा करतात. आणि शरीरातील सारे रक्तच जणू गोठण्याच्या तयारीत राहते. मग कोठे पायाच्या शिरेत गुठळी होते, तर कोठे झडपेवर. कर्करोग आणि रक्त गोठणे यांचे हे नाते पॅरिसच्या आर्मां त्रूसो या थोर वैद्याने १८६५ साली आपल्या विद्यार्थ्यांना समजावून दिले होते. ज्याच्या शिरांत कारणाशिवाय पुन्हा पुन्हा गुठळ्या होतात, त्याच्या पोटात दडलेला कर्करोग असू शकतो, असा त्यांचा इशारा होता. नियतीचा खेळ असा, की १८६७ च्या प्रारंभी त्रूसो यांच्याच हाताच्या शिरेत तशी गुठळी झाली. तिचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगण्याची त्यांना गरज नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्रूसो यांच्या काळी हे निदान म्हणजे मृत्यूची आगाऊ वर्दी होती. आज तसे सरसकट म्हणता येत नाही. झडपेवर निर्जंतुक गुठळी दिसेपर्यंत कर्करोग बहुधा पुढच्या टप्प्यात गेलेला असतो, हे कटू सत्य आहे. परंतु तो कोठला आहे हे कळले तर उपचाराची दिशा ठरते, पुढील आघात टाळण्याचा यत्न करता येतो आणि रुग्णाला व त्याच्या घरच्यांना उरलेल्या काळाची व्यवस्था डोळसपणे लावता येते. न कळण्याने यांतले काहीच साधत नाही.

दुसरे ठिकाण ल्यूपस आणि त्याच्या शेजारच्या व्याधींचे. ल्यूपस हा शरीराच्या रक्षणव्यवस्थेचा बंड करून उठण्याचा रोग. परक्यावर चालविण्यासाठी दिलेले शस्त्र ती स्वकीयांवरच चालवू लागते. याचे बहुसंख्य रुग्ण स्त्रिया असतात, दहांतील सुमारे नऊ; आणि त्याही बहुतांशी ऐन उमेदीच्या वयातल्या. सांधे दुखतात, चेहऱ्यावर लाली येते, केस गळतात, थकवा जात नाही. घरात या तक्रारींची दखल कशी घेतली जाते हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. 'कामाचा कंटाळा' येथपासून 'मनाचे खेळ' येथपर्यंत सर्व निदाने घरबसल्या होतात. छातीवरून केलेल्या साध्या इको तपासणीत ल्यूपसच्या दर दहा रुग्णांमागे सुमारे एकीच्या झडपेवर अशी वाढ आढळल्याची नोंद आहे. अन्ननलिकेत नळी घालून केलेल्या अधिक बारीक तपासणीत हे प्रमाण पुष्कळ वाढते.

ल्यूपसला लागूनच आणखी एक व्याधी आहे आणि तिचा सामाजिक अर्थ फार मोठा आहे. १९८३ साली लंडनमधील ग्रॅहम ह्यूज या डॉक्टरांनी रक्तातील काही विशिष्ट प्रतिपिंडे, रक्ताच्या गुठळ्या, मेंदूचे विकार आणि पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. या व्याधीला आज 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम' असे म्हणतात. गंमत अशी, की यांतील एक प्रतिपिंड काचेच्या नळीत रक्त गोठण्याला विलंब लावते, म्हणून त्याचे नावही गोठण-विरोधी असे पडले. प्रत्यक्ष शरीरात मात्र ते रक्त गोठविण्याचेच काम करते. वरवर दिसणारी खूण किती फसवी असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता आपल्या समाजात ज्या स्त्रीचा गर्भ दोनदा-तीनदा टिकत नाही तिची अवस्था काय होते, ते आठवावे. तिला बोल लावला जातो. नवस बोलले जातात, दृष्ट काढली जाते, देवळात कौल लावले जातात, क्वचित दुसऱ्या लग्नाची कुजबुजही सुरू होते. श्रद्धेविषयी आम्हाला येथे काही म्हणायचे नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर त्या स्त्रीच्या रक्ताच्या एका नमुन्यात सापडू शकते, त्यासाठी तिला आयुष्यभर अपराधी ठरविणे हा कोणता धर्म? ही व्याधी वेळीच कळली तर गरोदरपणी ॲस्पिरिन व हेपॅरिन यांच्या उपचाराने अनेक जणींचे गर्भारपण सुखरूप पार पडते. आणि जिला हीच व्याधी असून ती कोणी ओळखलेली नाही, तिच्या झडपेवर उद्या गुठळी धरली आणि तिला अर्धांगवायू झाला, तर त्या गर्भपातांत आलेला पूर्वसंकेत आपण वाचला नाही, असेच म्हणावे लागेल.

दोन वाटा, दोन टोके

आता पुन्हा त्या तिशीतल्या स्त्रीकडे वळू. तिच्या झडपेवरची वाढ पाहून डॉक्टरांच्या मनात प्रथम जंतूंचा विचार येतो, यात त्यांना दोष देता येणार नाही. आपल्या देशात ऱ्हुमॅटिक तापाने बालपणीच झडपा निकामी झालेली माणसे आजही कमी नाहीत, आणि तशा झडपांवर जंतू सहज ठाण मांडतात. जंतुजन्य दाह हा उपचाराविना प्राणघातकच आहे. त्यासाठी शिरेतून चार ते सहा आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात.

निर्जंतुक गुठळीवर या औषधांचा काहीही परिणाम होत नाही. तेथे हवे असते रक्त गोठू न देणारे औषध, प्रामुख्याने हेपॅरिन. आणि त्याबरोबरच मूळ रोगाचा उपचार. उलट, जंतुजन्य वाढ असलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारे औषध विचार न करता दिले, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणजे दोन वाटा केवळ वेगळ्या नाहीत, त्या परस्परविरुद्ध दिशांना जातात. पडद्यावर मात्र दोन्ही वाढी बहुधा सारख्याच दिसतात. इकोचे यंत्र कितीही महागाचे असले तरी केवळ त्याच्या चित्रावरून जंतू आहेत की नाहीत हे खात्रीने सांगता येत नाही.

मग सांगते कोण? ते सांगते लिबमन यांच्या काळापासूनचे ब्लड कल्चर. निरनिराळ्या ठिकाणच्या शिरांतून, किमान तीन वेळा, आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतलेले रक्त. यातील 'पूर्वी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. एकदा औषध पोटात किंवा शिरेत गेले, की रक्तातील जंतू दबतात आणि तपासणीत 'जंतू नाहीत' असे उत्तर येते. ते उत्तर खरे की औषधाने लपविलेले, हे मग छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. काही जंतू मुळातच या पद्धतीने वाढत नाहीत, हीही अडचण आहेच. त्यांच्यासाठी निराळ्या तपासण्या कराव्या लागतात. परंतु औषध आधी देऊन आपणच निर्माण केलेला गोंधळ हा निसर्गाने घातलेल्या कोड्यापेक्षा अधिक अक्षम्य आहे.

येथे आपणा सर्वांनाच आरशात पाहावे लागेल. अंग थोडे गरम झाले की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणाव्यात, दोन घ्याव्यात, दोन फडताळात ठेवाव्यात, ही रीत घरोघरी आहे. डॉक्टरने गोळी लिहून दिली नाही तर त्याला काही कळत नाही, असे म्हणणारेही आपणच. या सवयीमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात, एवढेच लोकांना ठाऊक असते. तिने निदानाची वाटही बंद होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

उपचार सुरू झाल्यावरही जागरूकता संपत नाही. रक्त पातळ करणारे औषध या रुग्णांना दीर्घकाळ, पुष्कळदा जन्मभर घ्यावे लागते. ते मधेच सोडले तर पुन्हा कण सुटण्याची भीती असते. अँटिफॉस्फोलिपिड व्याधीच्या रुग्णांना सामान्यतः वॉर्फरिन देतात आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. या कटकटीतून सुटका व्हावी म्हणून अलीकडच्या नव्या गोळ्यांकडे वळण्याचा मोह होतो. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका चाचणीत, या व्याधीच्या अधिक जोखमीच्या रुग्णांत नवी गोळी घेणाऱ्यांना वॉर्फरिन घेणाऱ्यांपेक्षा अधिक आघात झाल्याचे दिसून आले आणि ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. नवे ते सोने असतेच असे नाही. औषध बदलण्याचा निर्णय शेजाऱ्याच्या अनुभवावरून घेणे तर सर्वस्वी वर्ज्य होय.

आपण काय करावे?

आमच्या या भूमीला वैद्यक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८४२ साली पणजीत सुरू झालेली वैद्यकीय शाळा ही आशियातील अशा सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक गणली जाते. मुक्तीनंतर, १९६३ साली, तिची जागा गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने घेतली. ही परंपरा केवळ समारंभांत मिरवण्यासाठी नसेल, तर तिच्याकडून काही अपेक्षा करण्याचा जनतेला हक्क आहे.

पहिली अपेक्षा साधी आहे. बांबोळीलाच नव्हे, तर म्हापसा व मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतही, झडपेच्या दाहाचा संशय आलेल्या प्रत्येक रुग्णाचे रक्त प्रतिजैविकाआधी घेतले जावे, हा नियम अपवादाविना पाळला जावा. यासाठी अब्जावधींचे यंत्र लागत नाही. बाटल्या लागतात, प्रशिक्षित हात लागतात आणि शिस्त लागते. दुसरी अपेक्षा अशी, की पन्नाशीच्या आत अर्धांगवायू झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत, आणि लागोपाठ तीन गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत, त्या विशिष्ट प्रतिपिंडांची चौकशी व्हावी. ही तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी लागते. म्हणजे रुग्णाचा पाठपुरावा करणारी यंत्रणाही हवी. काणकोण किंवा सत्तरीतल्या माणसाला रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा ठरविण्यासाठी दर वेळी अख्खा दिवस मोडून शहर गाठावे लागू नये, हे त्यातच येते.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. हा विकार मुळात सापडला तो मृतदेहांच्या विच्छेदनातून. त्सीग्लर, लिबमन, ग्रॉस या सर्वांना जिवंत हृदयाच्या आत डोकावता येत नव्हते. मेलेल्यांनी त्यांना शिकविले. पोलिसी कारणासाठी होणारी विच्छेदने सोडली, तर केवळ रोगाचे स्वरूप कळावे म्हणून होणारे विच्छेदन आज जगभर दुर्मिळ झाले आहे आणि आपल्याकडेही तीच स्थिती आहे. यंत्रांनी सारे दिसते, मग चिरफाड कशाला, असे म्हटले जाते. परंतु यंत्राने जे दाखविले त्याचा अर्थ बरोबर लावला होता काय, हे पडताळण्याचे तेवढेच एक अखेरचे साधन आहे. शोकाकुल कुटुंबापुढे हा विषय काढणे कठीण असते. तरीही सन्मानाने, धर्मभावनांचा आदर राखून तो काढला गेला पाहिजे; आणि आपल्यातील काही सुशिक्षित कुटुंबांनी पुढे होऊन संमती दिली पाहिजे.

चौथी अपेक्षा रुग्णांकडून व त्यांच्या आप्तांकडून आहे. डॉक्टरसमोर बसल्यावर आपण फक्त दुखणाऱ्या अवयवाविषयी बोलतो. हात लुळा पडला तर हातच दाखवतो. परंतु दोन वर्षांपूर्वीचा गर्भपात, गेल्या पावसाळ्यात पायाला आलेली सूज, सहा महिन्यांत कारणाशिवाय उतरलेले वजन, घरात कोणाला झालेला तसाच आजार, या गोष्टी सांगायच्या राहून जातात. कधी लाजेने, कधी क्षुल्लक वाटल्यामुळे. आग सोमेश्वरी आहे हे डॉक्टरला कळायचे, तर त्याला सोमेश्वराचा पत्ता रुग्णानेच दिला पाहिजे. आणि डॉक्टरांनीही तो सांगण्याइतका वेळ रुग्णाला दिला पाहिजे. दाराबाहेर पन्नास माणसे ताटकळत असताना हे अवघड आहे, याची जाणीव आम्हाला आहे. परंतु ती गर्दी कमी करणे हे शासनाचे काम आहे, रुग्णाचे नव्हे.

झडपेवरची ती मुगाएवढी वाढ पाहून 'हृदय बिघडले' असे म्हणून थांबणे सोपे आहे. हृदय तेथे पुष्कळदा निरपराध असते. शरीरात दुसरीकडे काही तरी फार बिनसले आहे, याची वर्दी ते आपल्या परीने देत असते. त्या तिशीतल्या स्त्रीचे प्राण वाचतील की नाही, तिचा हात पुन्हा लेखणी वा लाटणे धरू शकेल की नाही, हे तिच्या खाटेशी उभ्या असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी, औषधाची पहिली सुई टोचण्यापूर्वी, 'हे कशामुळे झाले?' असा प्रश्न विचारला की नाही, यावर ठरणार आहे. तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या रुग्णालयांना लागावी आणि तो विचारला जावा असा आग्रह धरण्याची सवय आपल्याला लागावी, एवढेच आमचे मागणे आहे.